ब्रेकच्या पेडलाला बांधलेली पुरचुंडी

"सरका बाप्पा, सरका! चाकाले हवा लागू द्या!"

सौंसरच्या अलीकडे, रस्त्यालगतच्या कडुनिंबाखाली पन्नास-साठ माणसं आणि दोन बकऱ्या जमल्या होत्या. मधोमध मोहगावच्या रघुनाथरावांची हिरवी जीप उभी. चाकं जाम. पुढच्या चाकांतून धूर निघत होता, आणि पोळी करपल्यासारखा नाही, तर चप्पल करपल्यासारखा वास सुटला होता. चाकासमोर मांडी घालून, डोळे मिटून, चाकबाबा बसले होते.

माणसांची भुतं काढणारे बाबा त्या भागात पुष्कळ होते. गाड्यांची काढणारा हा एकच. दोन वर्षांपूर्वी कुठून तरी आला, निंबाखाली बसला आणि बघता बघता ट्रॅक्टर, राजदूत, मेटाडोर सगळ्यांचा कुलगुरू झाला.

"टायर म्हंजे काया! ट्यूब म्हंजे माया! आन् आतली हवा म्हंजे?" बाबांनी एक डोळा उघडून विचारलं.

"प्राण!" गर्दी ओरडली.

"मंग पंक्चर म्हंजे?"

हा प्रश्न नवा होता. बाबांनी स्वतःच "मोक्ष" असं सांगून टाकलं आणि तांब्यातलं पाणी तापल्या चाकावर ओतलं. चर्रर्र! वाफेचा लोट उठला.

"पाहा! आत्मा निंघाला!"

मग अर्धा तास जप. मग बाबांनी बोट दाखवलं, चौघांनी जीपला रेटा दिला आणि मघाशी जागची न हलणारी जीप लोण्यावरून घसरावी तशी पुढं सरकली. बायकांनी हात जोडले. पंचफुलाबाई नावाच्या भाजीवालीनं तर चाकालाच कुंकू लावलं.

हे सगळं पुढच्या सीटवरून प्रतिभा पाहत होती. रघुनाथरावांची थोरली, अकरावी सायन्स. मांडीवर दप्तर, दप्तरात प्रॅक्टिकलची वही, आणि प्रॅक्टिकल पुन्हा बुडालेलं. दसऱ्यापासून ही तिसरी वेळ. दर वेळी जीप याच निंबापाशी अडायची, दर वेळी बाबा ती सोडवायचे. मग चाकातले ब्रेकचे ड्रम वाकडे झालेले निघायचे, पांढुर्ण्याला लेथवर सरळ व्हायला जायचे, ब्रेकचे नवे पट्टे बसायचे आणि पुन्हा तेच. पहिल्या वेळी प्रतिभानंही हात जोडले होते. खोटं कशाला सांगा?

पण आज बाबा पुढं बोलले.

"रघुनाथा, हे गाडी तुह्या घरी टिकत नाई. हिले लोखंड ओळखणाऱ्या हाताची ओढ हाय. येत्या गुरुवारी इथंच, माह्यासमोर, तशा माणसाच्या हाती सोपव. नाई तं चौथ्या खेपेले हे एखाद्याले घेऊन जाईन."

लोखंड ओळखणारा हात कोणाचा, हे शोधायला दूर जावं लागलं नाही. गुणवंता मिस्त्री गर्दीतच उभे होते. रघुनाथरावांचे पहिलीपासूनचे दोस्त, जीपचे कायमचे डॉक्टर. ते लाजून म्हणाले, "बाबाची आज्ञा असन तं मी कसा नाई म्हनू? गाडी पडून राहीन माह्या गॅरेजात."

घरी आल्यावर प्रतिभानं विचारलं, "बाबूजी, मंग माही शाळा?"

सौंसरची सकाळची शाळा साडेसातला भरायची आणि मोहगावहून पहिली एसटी दहाला होती. रघुनाथराव संत्र्याच्या बागेकडे बघत म्हणाले, "गाडीच नाई तं शाळा कशी करशीन बाई? घरी बसून परीक्षा दे. आर्टले नाव टाकू."

"मले आर्ट नाई घ्यायचं."

"मलेही गाडी द्यायची नाई. पन तुह्या जिवापेक्षा गाडी मोठी हाय काय?"

बाप प्रेमापोटीच चुकत होता, आणि अशा चुकीशी भांडणं फार अवघड असतं.

गुरुवारी गाडी जायची म्हणून रविवारी ती निदान स्वच्छ तरी करावी, असं तिच्या मनात आलं. आत बसून ती कुंकू-गुलाल झाडू लागली. ब्रेकच्या पेडलाच्या दांडीला लाल कापडातली अंगाऱ्याची पुरचुंडी बांधलेली होती. दसऱ्याच्या पूजेला गुणवंताकाकांनी ती बाबांकडून आणून स्वतः बांधली होती आणि प्रतिभाच्या आईला सांगितलं होतं: "ब्रेक म्हंजे गाडीचा जीव, वहिनी. इथंच रक्षा पाह्यजे." दांडीपासून निघालेला दोरा खालच्या फळीवरच्या बोल्टाला ताणून गाठ मारलेला. गाडी तपासायला आले की काका ही गाठ कधी ढिली करायचे, कधी घट्ट; शनिवारी येऊन घट्ट करून गेले होते. दोऱ्याखालची धूळ काढायला प्रतिभानं गाठ सोडली.

टक्.

पेडल वर आलं. अर्धं बोट.

तिनं पेडलाकडे निरखून पाहिलं. मग दोरा पुन्हा बांधला, पेडल खाली. सोडला, टक्, पेडल वर. आणि तिला उन्हाळ्याच्या सुट्टीतला गॅरेजमधला आवाज आठवला: "बिटिया, एक गोष्ट ध्यानात ठेव. पाय उचलला का पेडल पुरं वर यायले पाह्यजे. नाई तं गाडी चालते बी आन् ब्रेक बी मारते." शिकवणारे गुणवंताकाकाच होते. पान्यांचे नंबर त्यांनीच शिकवले होते. "पोट्टी इंजिनेर होते का नाई पाहा," असं सगळ्यांना सांगत फिरणारेही तेच.

जीप गुरुवारपर्यंत घरीच उभी होती, म्हणून सोमवारी दहाच्या एसटीनं ती विज्ञानाच्या प्रमिला मेश्राम बाईंकडे गेली. बाईंनी फळ्यावर ब्रेक काढला, तेलाची नळी काढली आणि पाच मिनिटांत सगळं समजावलं. प्रतिभा उड्या मारायला लागली तेव्हा बाई म्हणाल्या, "थांब. माह्यावरही विश्वास नको ठेवू. एकदा पुरचुंडी सोडून गाडी चालवून पाहा, एकदा बांधून. आन् चार लोकांसमोर पाहा."

गुरुवारी निंबाखाली जत्रा भरली होती. नारळ, हार, गुणवंता मिस्त्री धुतलेल्या पांढऱ्या सदऱ्यात, आणि प्रतिभानं बोलावलेल्या मेश्राम बाई एका कडेला. जीप दिसली तसे बाबा दोन्ही हात वर करून ओरडले, "आली! आता थांबते पाहा! थांब, थांब, थांऽब!"

जीप भुर्रकन समोरून निघून गेली.

गर्दीनं माना वळवल्या. बाबांचे हात वरच राहिले. दोनशे पावलं पुढं जाऊन रघुनाथरावांनी स्वतः ब्रेक मारला आणि चकित होऊन जीप माघारी आणली.

"माही कृपा!" बाबा सावरले. "आत्मा पळाला!"

"आत्मा नाई, पुरचुंडी," प्रतिभा खाली उतरत म्हणाली. लाल पुरचुंडी तिनं दप्तरातून काढली. "घरून निघतानी मी सोडून ठेवली होती. बाबूजी, माफ करा, तुम्हाले सांगतलं नाई. चाकाले हात लावून पाहा."

रघुनाथरावांनी चाचपलं. कोमट.

"पोट्टीनं रक्षा सोडली!" बाबा गरजले. "इटाळ झाला!"

"मंग पुन्हा बांधू न जी," प्रतिभा म्हणाली. तिनं पुरचुंडी पुढं केली. "गुणवंताकाका, बांधा. अर्ध्या रस्त्यावरच्या पुलापर्यंत जाऊन परत येऊ. बाबाजी इथंच हायेत. त्यांच्यासमोर कायचं भेव?"

गुणवंता मिस्त्री पेडलापाशी वाकले. बराच वेळ वाकून राहिले. रघुनाथरावांनी डोकावून पाहिलं. दोरा ढिला सोडला होता. बोल्टाला लावलाच नव्हता.

"असं नाई बे, गुणवंता," रघुनाथराव हळू आवाजात म्हणाले. "दर खेपेले बांधतो तसं बांध."

मिस्त्रींचा हात थांबला. तेवढ्या एका क्षणात रघुनाथरावांना सगळं कळलं, आणि प्रतिभाला दिसलं की बापाचा चेहरा एकदम म्हातारा झाला. दोरा शेवटी रघुनाथरावांनी स्वतःच ताणून बांधला.

पुलापर्यंत जाऊन जीप परतली आणि निंबापाशी पोचता पोचता गुरगुरली, धुमसली, अडली. गर्दीतून "अय्यो!" निघालं. पंचफुलाबाई तांब्या घेऊन धावली.

"पानी नाई!" प्रतिभा आडवी आली. "भाकर भाजून झाल्यावर लाल तव्यावर गार पानी ओततं काय, मावशी?"

"तवा वाकडा होईन न वं!"

"ड्रमही तसाच वाकडा होते. तीन खेपा ओतलं हे पानी."

मग तिनं सांगितलं. पेडल अर्धं बोट दाबलेलं राहिलं की ब्रेकचं तेल टाकीत परत जायची वाट बंद. पट्टे ड्रमला घासत राहतात, ड्रम तापतो, तेल तापून फुगतं, पट्ट्यांना आणखी रेटतं. घरापासून इथवर यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात चाक जाम, म्हणून दर वेळी हाच निंब. थंड झालं की आपोआप मोकळं.

"आता अर्धा तास बसू. दोरा सोडते. जप नाई, पानी नाई. बाबाजी, तुम्ही तोंडावर हात ठेवा."

बाबांना मौन जमत नव्हतं. दहाव्या मिनिटाला लघवीचं निमित्त करून ते बांधापलीकडे गेले ते गेलेच. अर्ध्या तासानं चौघांनी रेटा दिला. जीप सरकली. या वेळी कुणी हात जोडले नाहीत.

प्रतिभा गुणवंताकाकांसमोर जाऊन उभी राहिली. विजयाचं काहीतरी बोलायचं ठरवलं होतं, पण तोंडून निघालं ते वेगळंच.

"तुम्हीच शिकवलं होतं न मले, काका? तुम्हाले माहीत होतं. मी त्या गाडीत बसत होती."

"बिटिया, गाडी थांबते फक्त, उलटत नाई..." ते पुटपुटले.

"वाकड्या ड्रमवर?"

रघुनाथराव म्हणाले, "गुणवंता, गाडी मांगतली असती तं दिली असती रे. माह्या पोरीच्या पायाखाली कायले बांधलं?" आणि पाठ फिरवून ते गाडीत जाऊन बसले. पुढं ते दोघं एकमेकांशी कधी बोलले नाहीत.

लोकहो, बाबा परका होता. त्याचा राग चार दिवसांत विरतो. खोल जखम करतो तो आपला माणूस, कारण त्याला माहीत असतं की आपण त्याला प्रश्न विचारणार नाही. म्हणून विचारा. बाबाला विचारा, मिस्त्रीला विचारा, मास्तरणीलाही विचारा. चाक अडलं तर ते खोलून बघा. खरं असेल ते प्रश्नांनी मोडत नाही.

शुक्रवारी सकाळी पावणेसातला जीप निंबावरून सौंसरकडे गेली. प्रॅक्टिकल होतं.