तीस हजारांतली दोन अक्षरं

बाबा गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी दादाने मावशींना फोन केला. "उद्यापासून येऊ नका" हे सांगायची खरं तर गरजच नव्हती. मावशी ज्यांना उठवून बसवायच्या, भरवायच्या, ज्यांचं अंग पुसायच्या, ते बाबाच उरले नव्हते. पण दादा तेवढ्यावर थांबला नाही. "तुमच्यामुळे झालं हे सगळं," तो म्हणाला. "चार घरं फिरता, मास्क हनुवटीवर. आमच्या माणसाचा जीव गेला." पलीकडून मावशी काय बोलल्या ते ऐकू आलं नाही. ताई आणि धाकटी, दोघी बहिणी तिथेच बसल्या होत्या. एकीनेही त्याला अडवलं नाही.

संशय यावा असंच सगळं घडलं होतं. बाबा अर्धांगवायूमुळे दोन वर्षं पलंगावरच होते. घराबाहेर त्यांचं पाऊल पडत नव्हतं. मावशी दिवसातला बराच वेळ त्यांच्याजवळ असायच्या. आधी मावशींना खोकला झाला, दुसऱ्या दिवशी बाबांना ताप आला, आणि आणखी दोन दिवसांनी ताईला. ताई इस्पितळात सिस्टर होती; तिला बाबांकडून लागण झाली असं सगळे धरून चालले. त्यात दादाच्या तोंडाला कुलूप नाही. मावशी ज्या तीन घरी आणखी काम करायच्या, त्या तिन्ही घरी आठवड्याच्या आत ही गोष्ट पोचली. तिन्ही घरांनी मावशींना रजा दिली. मुदत कोणीच सांगितली नाही.

धाकटी विषाणूंच्या प्रयोगशाळेत कामाला होती. शहरभरातल्या बाधितांचे उरलेले नमुने त्यांच्याकडे यायचे आणि त्यातल्या विषाणूच्या जनुकीय संकेतातली सगळी अक्षरं, सुमारे तीस हजार, यंत्रावर वाचून काढली जायची. बाबांना तिने हे काम एकदा समजावून सांगितलं होतं. विषाणू एका माणसातून दुसऱ्यात जाताना स्वतःची नक्कल करत जातो. नक्कल करताना अधूनमधून एखादं अक्षर चुकतो. ती चूक पुढच्या सगळ्यांकडे तशीच जाते. त्यामुळे चुका जुळवत गेलं की आजार कुठून कुठे गेला ते कळतं. "म्हणजे कॉपी करणारी पोरं पकडतात तसंच," बाबा अडखळत म्हणाले होते. आयुष्यभर शाळेत पेपर तपासलेला माणूस. दोघांची चूक एक, म्हणजे एकाने दुसऱ्याचं बघून लिहिलंय.

नमुन्यांवर नाव नसायचं. फक्त नंबर आणि ठिकाणाचा एक संकेतक्रमांक. कोणता क्रमांक म्हणजे कोणतं ठिकाण, ती यादी आरोग्य खात्याच्या कार्यालयात असायची. नंबर आणि माणूस यांची जोडी लावायची नाही, हा तिथला पहिला नियम. पण बाबा, ताई आणि मावशी, तिघांच्याही तपासणीचे निकाल धाकटीच्याच फोनवर आले होते. मावशींना केंद्रावर तीच घेऊन गेली होती. तिन्ही नंबर तिला पाठ होते.

एका बुधवारी दुपारी, सगळे जेवायला गेले असताना, तिने ते तीन नंबर शोधले.

मावशींचा विषाणू साधा होता, त्या महिन्यात निम्म्या शहरात फिरत होता तोच. बाबांचा वेगळा. त्यात दोन अक्षरं अशी बदललेली होती, जी मावशींच्या विषाणूत नव्हतीच. ताईचा बाबांसारखाच, अक्षर न् अक्षर. आणि ती दोन अक्षरं धाकटीने आधी पाहिली होती. संपूर्ण शहरात ती एकाच ठिकाणी सापडली होती, ठिकाण क्रमांक चौदा. एकाच साखळीतले सहा रुग्ण. त्याचा अहवाल तिने स्वतः लिहून पाठवला होता, वर "तातडीचे" असा शेरा मारून, बाबांना ताप येण्याच्या नऊ दिवस आधी.

ताईच्या नमुन्यावर इस्पितळाने घातलेला क्रमांक चौदा होता. तिच्याच वॉर्डाचा.

धाकटीने आरोग्य खात्यात फोन लावला. तिथल्या कारकुनाने शांतपणे शोधून सांगितलं, "हो, आलाय की तुमचा अहवाल. सहीसाठी ठेवलाय." तिने फोन ठेवला. बाबांच्या तापाआधी नऊ दिवस ती साखळी तिला माहीत होती, फक्त ती कोणत्या वॉर्डातली एवढंच माहीत नव्हतं.

मग ती प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमकडे गेली. एका कामवाल्या बाईवर खोटा आळ आलाय, म्हणाली, दोन ओळींचं पत्र देता येईल का?

मॅडमनी चष्मा काढला. "आजार कुठे चाललाय ते आपण बघतो. कोणी कोणाला दिला, याचे दाखले देत नाही. आज एकीला निर्दोष ठरवलं की उद्या दुसऱ्या कोणाला तरी दोषी ठरवावं लागेल. मला माहितीये, तुझे वडील गेलेत. तू नंबर जुळवलेस हे मी ऐकलंच नाही, असं समज."

मावशींना सोडवायचं म्हणजे ताईला सांगायचं. धाकटीने चार दिवस गिळून काढले. पाचव्या दिवशी दोघी बाबांचे कपडे कपाटातून काढत होत्या. ताईचा खोकला अजून गेला नव्हता.

"तुझ्या लॅबमध्ये आले असतील ना गं आपले नमुने?" शर्टाची घडी घालता घालता ताईने विचारलं.

"येतात सगळ्यांचेच."

"मग?"

"मग काय? नावं नसतात त्यावर."

"माझ्याकडे बघून बोल." ताईने शर्ट खाली ठेवला. "लहानपणी काही फोडलंस की तू अशीच कपाटाशी बोलायचीस. मावशींचा नाही ना तो?"

धाकटीने मान हलवली. नाही.

ताई पलंगाच्या कडेवर बसली. "बाबांना ताप आल्यावरही मला दोन दिवस काहीच होत नव्हतं गं," ती म्हणाली. "ड्युटीवरून आले की आंघोळ करूनच त्यांच्याजवळ जायचे. औषध मीच द्यायचे. मावशींना गोळ्यांची नावं कळत नाहीत म्हणून."

"वॉर्डात सहा जण होते आधीच. आमच्या अहवालावर वेळेवर सही झाली असती तर तुला कोणीतरी—"

"राहू दे." ताईने तिचा हात धरला. "तुझं चुकलेलं नाही." आणि मग तीच रडायला लागली, तोंडावर बाबांचा शर्ट दाबून. शहरातल्या प्रत्येक साखळीचा नकाशा काढणाऱ्या धाकटीला आपल्या बहिणीच्या पाठीवरून हात फिरवण्यापलीकडे काही सुचेना.

दादाला सांगितलं तेव्हा तो चिडला. "झालं ते झालं. आता कशाला उकरून काढताय? मावशींना मिळेल दुसरं काम." त्याने मावशींना फोन केला नाही.

ताईने मात्र ऐकलं नाही. सुट्टीच्या दिवशी सकाळी ती त्या तिन्ही घरी गेली. धाकटी सोबत होती. पहिल्या घरात दार उघडलेल्या बाईंना ताईने सरळ सांगितलं, "मावशींकडून काही झालेलं नाही. ते माझ्याकडून झालं. मी इस्पितळात काम करते." बाई दोन पावलं मागे सरकल्या. पदराने नाक झाकत म्हणाल्या, "बरं, बरं. सांगते मी ह्यांना." दार लागलं. आतून कडीचा आवाज आला. दुसऱ्या घरी तर दाराच्या फटीतूनच विचारलं, "याचा काही कागद आहे का?" तिसऱ्या घरी आधीच दुसरी बाई कामाला लागली होती.

तिथून दोघी मावशींकडे गेल्या. मावशींची एकच खोली, जिन्याखालची. त्या खाली बसून पुठ्ठ्याच्या खोक्यांना घड्या घालत होत्या. कुठल्याशा कारखान्याचं घरबसल्या काम. भिंतीपर्यंत खोकी रचलेली होती, त्यामुळे तिघींना नीट बसताही येईना. ताईने सगळं सांगितलं, विषाणूची अक्षरं वगळून.

मावशी ऐकत राहिल्या. हात थांबले नाहीत.

"मला ठाऊक होतं सिस्टरबाई," शेवटी त्या म्हणाल्या. "म्हणजे तुमचं नाही, माझं. मी सायबांच्या तोंडाशी कधी गेलेच नाही मास्कबिगर. एकदाच हनुवटीवर होता, तेवढंच तुमच्या दादांनी बघितलं."

"मी तिन्ही घरी सांगून आले, मावशी."

मावशींचे हात थांबले. "काय सांगितलंत?"

"की माझ्यामुळे झालं."

"अहो, कशाला गेलात?" मावशी कळवळून म्हणाल्या. "मला तर कोणी बोलावणार नव्हतंच. आता तुम्हालापण कोणी दारात उभं करायचं नाही."

ताईने समोरचा एक पुठ्ठा उचलला आणि मावशी घालत होत्या तशी घडी घालून पाहिली. ती उलटी पडली. मावशींनी तो पुठ्ठा तिच्या हातातून घेतला, सरळ केला आणि ढिगावर ठेवला.