बाराच्या बारा सह्या

टोपण हरवलेलं एक निळं पेन.

शहागंजच्या बाजारातून आणलेली चहाची किटली. झाकण भलत्याच किटलीचं.

दुपारी बाया येतात आणि मासिकांचे कोपरे दुमडतात, अशी एक तोंडी तक्रार.

बावीस खुर्च्या. सगळ्यांवर पुरुष.

फ्लेक्सवर काळा चष्मा घातलेला शिवराज, खाली 'अध्यक्ष, एकत्रित वाचनालय समिती'.

तर झालं होतं असं. छावणीतल्या दोन गल्ल्यांची दोन वाचनालयं. एकाची जागा ऐसपैस, दुसऱ्याची पुस्तकं बरी. गेल्या महिन्यात दोन्ही समित्यांनी आपापल्या सभेत ठराव केला आणि एक होऊन मोकळ्या झाल्या. आता घोडं अडलं होतं ते मताचा हक्क कुणाला द्यायचा यावर.

भामाबाई किटली घेऊन दाराशी उभी होती. शिवराजला वाचनालय दुपारी दोन ते चार बंद ठेवायचं होतं, आणि तीच वेळ तिची. धुणीभांडी उरकून ती आणि साळूबाई तिथं पेपर पसरून बसायच्या. मोठ्या अक्षरातली बातमी आता ती कुणाला न विचारता वाचायची. ती वेळ गेली तर सगळंच गेलं. आणि हात वर करायला इथं तिला विचारतो कोण?

शिवराज उठला. "बावीस जणांची मतं म्हणजे नुसता कालवा. वर्षातल्या बारापैकी नऊ सभांना जो हजर, त्यालाच मत. सरळ हिशोब."

या नियमानं समोरच्यांचा पत्ता कटणार, असं दोन्ही गल्ल्यांना वाटलं. नियम टाळ्यांच्या कडकडाटात मंजूर झाला. मग हजेरीची रजिस्टरं उघडली.

शिवराजच्या गल्लीतून नऊपर्यंत पोचला तो एकटा शिवराज. बाकीचे तीन-चारवरच दमले होते. दुसऱ्या गल्लीचा सचिव राजेंद्र. त्यानं स्वतःचं नाव वाचलं, "बारा," आणि चष्मा पुसत बसला.

"वाचा की, राजाभाऊ. काच झिजंल," कृष्णा मागून ओरडला.

"भामाबाई सांडू साळवे," राजेंद्र पुटपुटला. "बारा."

त्याच्या गल्लीतले बाकीचे आलटूनपालटून यायचे, नऊपर्यंत कुणीच पोचलं नव्हतं. सभा भरायला, म्हणजे कोरमला, सात माणसं लागायची आणि यायची सहा. मग राजेंद्र दर सभेला म्हणायचा, "मावशी, कप ठेवा अन् इथं सही करा."

"अहो, ही तर चहा देती!" शिवराज तडकला. "ही कुठली सभासद?"

भामाबाईनं किटली खाली ठेवली. "सही घेताना सभासद, आन् हात वर करताना चहावाली व्हय?"

"तसं नाय, मावशी, पण..." शिवराज म्हणाला.

"मग खोडा माझी सही. पर बाराच्या बारा खोडा. आमच्या समितीनं एक व्हायचा ठराव केला, त्या दिशी बी सातवी मीच होते. म्हंजी ठराव गेला, समिती गेली, तुमचं अध्यक्षपद गेलं. फ्लेक्स तेवढा ऱ्हाईल."

सभा खो खो हसायला लागली. "शिवराजभाऊ, चष्मा बी काढून ठिवा आता," कृष्णा म्हणाला. शिवराजनं फ्लेक्सकडं पाहिलं, रजिस्टरकडं पाहिलं, आणि त्यालाही हसू आवरेना.

"राहू द्या सही," तो म्हणाला.

मतदार उरले तीन. दुपारची वेळ बंद करा म्हणून शिवराजचा हात वर गेला. मग चालू ठेवायच्या बाजूनं भामाबाईचा गेला, काखेपर्यंत सरळ. राजेंद्र दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिला.

"राजाभाऊ," ती म्हणाली, "लई सह्या घेतल्या तुमी माझ्या."

राजेंद्रचा हात वर गेला.

ती सवयीनं किटली उचलायला वाकली, तोवर शिवराजनं ती उचलली होती. "बसा, मावशी. मतदारानं चहा वाटलेला बरा नाय दिसत." बावीस खुर्च्यांतली एक कृष्णानं रिकामी केली.

शिवराजनं पहिला कप तिलाच दिला. निम्मा बशीत सांडला.

मागच्या वर्षीच्या मे महिन्यापर्यंत, या रजिस्टरात पहिली सही करेपर्यंत, भामाबाई सगळीकडं अंगठा उठवायची.