होडीच्या तळाचा शेंदूर

मला पोहता येत नाही. आमच्या ह्यांनाही येत नाही. आणि आमची लेक ईशा हुसेनसागर तलावात शिडाची होडी चालवते. आता सांगा, माझ्या जिवाला स्वस्थता कुठून असणार?

त्या रविवारी सकाळी तिची निवडीची शर्यत होती. राज्याच्या संघात घेतील की नाही, ते तिथं ठरणार. आणि नेमका तिच्या जुन्या होडीचा तळ मधोमध मऊ पडला. पाय दिला की फळी पिकल्या सीताफळासारखी दबायची. तिच्या सेलिंग क्लबातला दुरुस्तीवाला गावी गेलेला. तर आमचे हे, किशोरराव, जन्मभर सरकारी फायली उपसलेला माणूस, म्हणतात कसे, "त्यात काय एवढं? मी करतो की!"

मी म्हटलं, "अहो, घरातला नळ गळतोय तो आधी करा." पण ऐकतंय कोण! होडी काचीगुड्याला आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये आली. मोबाइलवर व्हिडिओ बघून ह्यांनी कुजलेली फळी कापली, तिथं नवीन प्लायचा तुकडा बसवला. राणीगंजहून फायबरची मॅट आणि रेझिनचा डबा आणला. प्लायवर मॅट पसरायची, रेझिन लावून रोलरनं दाबत जायचं, म्हणजे वाळल्यावर सगळं मिळून दगडासारखं एकजीव होतं, असं त्यांनी मला चारदा समजावलं.

मॅट पसरणार, तेवढ्यात सासूबाई लिफ्टनं खाली आल्या. हातात वाटी, वाटीत तेलात कालवलेला शेंदूर. आमच्या घरी फ्रिज येवो, स्कूटर येवो, साधा मिक्सर येवो, त्याला मारुतीचा शेंदूर लागल्याशिवाय बटण दाबायचं नाही. त्यांनी नव्या प्लायवर ठसठशीत स्वस्तिक काढलं, अगदी तेल ओघळेपर्यंत. हे हात जोडून उभे. मग त्यावरच मॅट आणि रेझिन.

वाळल्यावर मॅट काचेसारखी पारदर्शक झाली आणि खालचं स्वस्तिक लख्ख दिसायला लागलं. हे इतके खूश, की वॉचमनला बोलावून दाखवलं. "क्या बात है साब!" तो म्हणाला. झालं, आणखी हवा भरली.

शनिवारी दुपारी मी जेवणं आटोपून खाली गेले. संध्याकाळी होडी न्यायला टेंपो यायचा होता. स्वस्तिकाच्या भोवती मला पांढुरकं दिसलं, पापडावर फोड येतो तसं. सुलतान बाजारात माठ घेताना मी एकेक माठ वाजवून घेते, दुकानदार कितीही करवादू दे. तशीच वर जाऊन स्वयंपाकघरातला डाव आणला आणि त्याच्या दांडीनं तळ वाजवत निघाले. टक्, टक्, टक्. स्वस्तिकावर आले आणि भद्द! पुन्हा वाजवलं. भद्दच.

"अहो!" मी अशी ओरडले की हे बनियनवरच धावत आले. मागून ईशा.

"इथं चिकटलेलंच नाही," मी म्हटलं. "तेलावर काय चिकटणार? तुमच्या व्हिडिओत हे सांगितलं नव्हतं?"

ह्यांचा चेहरा पडला. "सांगितलं होतं. आधी घासून पुसून घ्या म्हणून." मग हळूच म्हणाले, "आईच्या हातचा शेंदूर गं. पॉलिश पेपर कसा लावायचा त्याला?"

असा संताप आला मला! "आणि पोरगी बुडली तर?"

"आई, प्लीज!" ईशा रडकुंडीला आली. "लाइफ जॅकेट असतं. एक रेस तर आहे. निघेल तेवढी. आता नक्को काही करू!"

"निघेल म्हणे! पाण्याच्या मधोमध तळ फाटला तर मी आणि तुझे बाबा काय करणार? तलावाकाठी टँकबंडवर उभं राहून हाका मारणार?"

मी डाव टाकला, वर जाऊन उलथनं आणलं आणि त्या फोडाखाली घातलं. जास्त जोरही लागला नाही. मधला अख्खा पापुद्रा सुटून हातात आला, त्याच्या पाठीला ओला शेंदूर. ईशानं तो हातात घेऊन उलटासुलटा बघितला. उद्या ती ह्याच पापुद्र्यावर पाय रोवून उभी राहणार होती.

सासूबाई केव्हा आल्या कळलंच नाही. सगळं बघितलं त्यांनी. मला वाटलं, आता देवाचा शेंदूर उचकटलात म्हणून बोलणार. मी कंबर कसून तयारच होते.

"किशोर," त्या म्हणाल्या, "तो शेंदूर मी होडीसाठी लावला होता का रे? पोरीसाठीच ना?" आणि स्टुलावर बसून स्वतःच पॉलिश पेपर घेतला. बराच वेळ घासत राहिल्या. मग आम्ही घासलं. थिनरनं पुसलं, पुन्हा घासलं, प्लायचं पांढरं लाकूड दिसेपर्यंत. टेंपोवाल्याला सकाळी ये म्हणून कळवलं. नवी मॅट, नवं रेझिन. ऊन होतं तोवर होडी उन्हात ठेवली, नंतर ईशाचा हेअर ड्रायर लावला.

सकाळी हुसेनसागरावर वारा चांगला होता. बाकीच्या होड्या पाण्यात उतरल्या होत्या. क्लबचे सर शिट्टी वाजवून बोलावत होते. ईशा होडीत चढली नाही. तिनं पिशवीतून माझा डाव काढला आणि माझ्या हातात दिला.

"वाजव," ती म्हणाली. "तू म्हणशील तरच जाते."

मी काठावरच्या होडीत गुडघ्यांवर बसले आणि इंच न् इंच वाजवत गेले. सर ओरडत होते, हे घाम पुसत होते. टक्, टक्, टक्. मधोमध आले. टक्. खरं सांगू? कुठंतरी भद्द वाजावं म्हणून मी जीव मुठीत धरून ऐकत होते. म्हणजे थांब म्हणता आलं असतं.

कुठंच वाजलं नाही.

"जा," मी म्हटलं. होडी पाण्यात ढकलली, ईशा चढली, तरी होडीचा दोर माझ्याच हातात होता. तो मीच सोडला.