बिनबर्फाचा ग्लास

ऐक नं प्रियंका, मधात बोलू नको, आधी पुरं ऐकून घे. आणि दीपमालाले यातला एक शब्दही सांगायचा नाही. कसम खा. खाल्ली? हां.

तं नाताळाची सुट्टी होती नं, त्या दिवशी दीपमालाले पाहाले बाभुळगावचे पाहुणे आलते. धम्मरत्न, त्याची आई आणि त्याचे वडील. वडील म्हणजे रिटायर हेडमास्तर, पांढराफेक सदरा, बोलणं मोजूनमापून. मी सकाळपासून तिच्याच घरी. तिनं ठरवलं होतं, चहा-पोहे द्यायचेच नाही. मोबाइलवर पाह्यलेलं ते मलईचं कॉकटेल द्यायचं. दारूबिरू नाही वं, नुसतं नाव तसं! चिकू, भिजवलेले खजूर, गार कॉफी, साय, व्हॅनिला आइस्क्रीम, सगळं मिक्सरमधी, वरून जायफळ. पाच मिनटात होते म्हणे.

तिचे बाबा, श्रावणकाका, मधल्या दरवाज्यात बसून. तुले तं माहीत हाय ते कसे, घरात असले तरी नसल्यासारखे. तीस वर्षं एसटीनं पांढरकवड्याले गेले, तिथं कोण्या हॉटेलात कॅशवर बसत. दोन वर्षं झाले, पाय सुजते म्हणून घरीच. कॉकटेल शब्द कानावर गेला तं एकदम म्हणे, "चहाच ठेवा वं माय. चहानं कोणाचं वाईट नाही झालं."

"बाबा, तुम्हाले नाही समजत त्यातलं," दीपमाला म्हणे.

काका पुन्हा दाराबाहेर पाहू लागले.

आणि दुपार कशी होती सांगू? थंडीतलं पिवळं ऊन. जिनिंगकडं चाललेल्या गाड्यांतून उडालेला कापूस गल्लीभर तरंगून राह्यलता. एखादा पुंजका खिडकीतून आत येई, हवेतच थांबे, जसा काय कुठं बसू विचारून राह्यला. मले तं वाटे, हे सगळं आपण झोपेतच पाहून राह्यलो.

मंग आमच्या दीपमालाबाईनं मिक्सर लावला, तो बंदच करेना! फिरव फिरव फिरवला. झाकण उघडलं तं काय? वर लोण्याचे गोळे, खाली भुरं पाणी. सायीचं लोणीच झालं पुरं. बाहेर पाहुण्यायजवळ दीपमालाची आई, आपली काकू, बसलेली, पाणी पिऊन झालेलं. दीपमाला ओट्याले टेकून रडाले लागली. तिचा जीव धम्मरत्नवर किती हाय, तुले काय सांगू. आणि त्याच्या वडलानं आधीच फोनवर सांगून ठेवलं होतं, "हुंडा नको, सोनं नको. एकच अट, दारूशी संबंध असलेलं घर नको." त्याच्यानं तिले त्या कॉकटेल नावाचंही आता भेव वाटून राह्यलं होतं.

तवा काका उठले.

"सरक बाई," म्हणे.

हात धुतले. खांद्यावर फडका टाकला. पातेल्यात अर्धी साय उरलती, ती बाजूले ठेवली. आधी चिकू, खजूर, कॉफी फिरवली, मंग आइस्क्रीम, आणि साय एकदम शेवटी. झाकणावर ओला फडका दाबला. घुर्र, थांब. घुर्र, थांब. "सायीले दम द्या लागते," म्हणे. "एका दमात फिरवली का रुसते." डोळे मिटून नुसता आवाज ऐकत होते वं! आवाज जरासा जड झाला, का बटन बंद.

आणि ग्लास! एका हातात चार ग्लास, बोटाच्या फटीत, पाह्यलं काय तू कधी असं? ओतलं तं सहाही ग्लासात एकच रेघ, जशी फुटपट्टीनं मारली. जायफळ किसलं तं धुक्यावानी उतरलं. सहाच ग्लास भरले त्यायनं. तीन पाहुण्यायचे, काकूचा, दीपमालाचा, माहा. स्वतःले धरलंच नाही.

ट्रे घेऊन गेले तं एक हात आपोआप पाठीमागं, कंबरेवर. दीपमाला चेहरा धुऊन मागं मागं, मी तिच्या मागं. तिकडं धम्मरत्नचे वडील सांगून राह्यलते, "आमच्या घरात थेंब चालत नाही."

काकानं एक-एक ग्लास ठेवला. सगळ्यायच्या ग्लासात बर्फाचे दोन खडे. वडलाच्या ग्लासात एकही नाही. आणि तो ठेवला त्यायच्या डाव्या बाजूले. ते डावखुरे होते, प्रियंका!

त्यायचा हात ग्लासापाशीच थांबला. पहिल्यांदा त्यायनं काकाकडं नीट पाह्यलं. काका फरशीकडं पाहून राह्यलते.

मी ग्लास तसाच ठेवून आतमधी आली, ओट्याखाली सांडलेलं लोणी पुसत बसली. काका मोरीपाशी. तेवढ्यात "हात धुतो" म्हणून वडील आत आले, हातात तोच ग्लास. मी ओट्याच्या आडोशाले, कोणाले दिसलीच नाही.

"कूलरजवळचं टेबल," ते हळूच म्हणाले.

काका भांडं विसळतच राह्यले.

"ओळखलं तुम्ही मला."

"तोंड नाही ओळखलं साहेब. पाणी घेतलं तवा हात ओळखला. तुम्ही नेहमी बिनबर्फाचंच घेत, तुमच्या ग्लासात बर्फ टाकाले माहा हातच उठला नाही."

"नऊ वर्षं झाली सोडून."

"माहीत हाय मले. एका शनिवारी ते टेबल खाली राह्यलं. दुसऱ्या शनिवारीही खाली. लय बरं वाटलं साहेब. तरी मी ते पुसून ठेवो."

वडलानं हातातल्या ग्लासाकडं पाह्यलं. "मुलाला माहीत नाही."

"माह्या पोरीलेही नाही. तिले वाटते बाबा कॅशवर बसे. तीस वर्षं बारमधी ग्लास उचलले मी."

खिडकीतून कापसाचा एक पुंजका आला न त्या दोघायच्या मधात हलत राह्यला.

दोघंही बाहेर गेले. मी मागून गेली, तं वडलानं स्वतःची खुर्ची ओढली, काकापुढं ठेवली आणि तोंडही न लावलेला तो ग्लास त्यायच्या हाती दिला. "बसा इवाई," म्हणे.

इवाई! थेट व्याहीच! अजून पसंतीचं एक अक्षर बोलणं झालं नव्हतं. काकूनं तोंडाले पदर लावला, दीपमाला तं लालीलाल.

काका लवकर बसेचना. एक हात पाठीमागंच गेलेला. मंग खुर्चीच्या काठावर बसले, जसं दुसऱ्या कोणाचं टेबल हाय. एक घोट घेतला. मिशीवर पांढरी साय. पुसाले खांद्यावरचा फडका घेतला, आणि पुसलं काय? समोरचं टेबल पुसलं.

फेब्रुवारीतली तारीख निघाली. काल दीपमाला लग्नाची यादी लिहून राह्यलती, मधातच पेन ठेवून म्हणे, "नयन, बाबाले एवढं सगळं कसं येते वं? चार ग्लास एका हातात?"

"मोबाइलवर पाह्यलं अशीन," मी म्हणली.

"बाबाजवळ तं साधा फोन हाय. तू होती नं तवा आतमधी? काही बोलणं झालं काय त्यायचं?"

काका दरवाज्यातच बसले होते. मान वर करून माह्याकडं पाह्यलं फक्त, जसं कोणी काय आणू म्हणून पाहाते नं, तसं.

आता सांग प्रियंका, त्या घडीले तिथं तू असती, तं काय केलं असतं?