जुलैतले मार्क

"नावं कुठंही नाहीयेत," वल्लरी पुन्हा म्हणाली. "फक्त कोड आहेत. कुणी मनाला लावून घेऊ नये, प्लीज."

भिंतीवर चादर ताणून बांधली होती आणि तिच्यावर प्रोजेक्टरमधून आलेखाचे पाच खांब पडले होते. चार खांब आडव्या रेघेच्या वर, हिरवे. एक रेघेच्या खाली, लाल. त्याच्या पायाशी 'शि-४' असं लिहिलं होतं. सातपूरच्या त्या शाळेत वर्ग पाच, शिक्षक पाच आणि कोड इयत्तेच्या क्रमानं दिलेले. चौथीला कोण शिकवतं हे गेटवरच्या बोरं विकणाऱ्या बाईलाही ठाऊक होतं.

"शि-४ बद्दल काही चर्चा करायची का?" तिसरीच्या तेजल खैरनारनं विचारलं. "म्हणजे नाव न घेता."

दोघंजण हसले. थेटेबाई हसल्या नाहीत. त्या मागच्या बाकावर, मुलांच्या बाकावर, गुडघे आखडून बसल्या होत्या आणि लाल खांबाकडे बघत होत्या. खांब उलटा लोंबत होता.

वल्लरी पुण्याच्या एका संशोधन संस्थेतून आली होती. आवाज मृदू, बोलणं मुद्द्याला धरून. शाळेतल्या मुलाच्या प्रगतीत शिक्षकाचा वाटा किती, हे तिला मोजायचं होतं. त्यासाठी पायाभूत चाचणीचे जुलैतले मार्क आणि सत्र परीक्षेचे ऑक्टोबरातले मार्क तिनं मागवले होते. ऑक्टोबरातून जुलै वजा केला की शिक्षक उरतो, असा तिच्या सगळ्या शोधाचा गाभा होता. दुसरीच्या देवव्रत गायधनी सरांचा खांब सगळ्यांत उंच उरला होता. थेटेबाईंच्या वर्गात ऑक्टोबरपेक्षा जुलैच जास्त भरला होता.

"म्हणजे या वर्गातली मुलं शिक्षकामुळे मागे गेली?" देवव्रतनं विचारलं. तो इंदिरानगरहून कारनं यायचा आणि प्रश्न नेहमी अगदी निरागसपणे विचारायचा.

"आकडे तसं सुचवतात," वल्लरी म्हणाली.

"ऑक्टोबरचा पेपर अवघड होता," थेटेबाई म्हणाल्या.

"सगळ्यांनाच होता ना, बाई?" तेजल म्हणाली.

आपण बोललो आणि कोड फुटला, हे थेटेबाईंच्या उशिरा लक्षात आलं.

*

मुख्याध्यापक मोतीराम अहिरे यांनी दार लोटून घेतलं आणि ते खुर्चीत न बसता टेबलाच्या कडेवर टेकले. रागावले की ते असेच टेकत.

"बाई, तीस वर्षं नोकरी झाली तुमची. तुम्हाला जुलैचे मार्क दाबायचे असतात हे मी सांगायचं?"

"दाबायचे कशाला?"

"आता माझ्याशी नको. सगळे दाबतात."

हे खरं होतं. जुलैत पोरांना खाली बसवायचं आणि परीक्षेत वर काढायचं, ही रीत या शाळेत इतकी मुरली होती की तिला लबाडी म्हणणारं माणूस खुळं ठरलं असतं. पेपर कुणी तपासायला मागेल म्हणून नुसते मार्क कमी टाकून भागत नसे. बरोबर उत्तरांवर चार-दोन फुल्याही माराव्या लागत. मग गठ्ठा बांधून कपाटात. दर एप्रिलला पोरं चढायची, दर जुलैला घसरायची. मधल्या उन्हाळी सुट्टीत या पोरांना होतं तरी काय, असं कधी कुणी विचारलं नव्हतं.

थेटेबाई दाबत नसत, पण त्यात तत्त्वाचा भाग फारसा नव्हता. त्यांची पेपर तपासायची पद्धतच आडवी येई. त्या एकेका पोराला टेबलाशी बोलावून शेजारच्या स्टुलावर बसवत आणि त्याच्यादेखत पेपर तपासत. चुकलं तर तिथल्या तिथं टपली. पोर शेजारी बसून पेनाकडे टक लावून बघत असताना बरोबर गणितावर फुली मारायची म्हणजे हात तसा तयार लागतो. त्यांचा नव्हता. आजवर त्यानं काही बिघडलंही नव्हतं, कारण आजवर ते मार्क कुणी मागितलेच नव्हते.

"वरून फोन आला मला," अहिरे म्हणाले. "लाल वर्गाचं काय करताय म्हणून. मी काय सांगू?"

"सांगा, मी खरे मार्क दिले."

"आणि बाकीच्यांनी?" अहिरेंनी आवाज खाली आणला. "ते वाक्य तिथं थांबत नाही, बाई. पुढं जातं. हे बघा. त्या मॅडम शुक्रवारपर्यंत दुरुस्ती घेताहेत. तपासणीत नजरचूक झाली असं लिहून द्या. जुलैचे पेपर काढा, मार्क खाली आणा. मी सही करतो. विषय संपला."

"आणि नाही केलं तर?"

"चौथी गायधनी सरांकडे. तुम्ही दुसरी घ्या. दुसरीत काय बिघडायचं ते बिघडू द्या."

थेटेबाई उठल्या. ती चौथी त्यांनी पहिलीपासून वर आणली होती. पहिलीला हात धरलेला वर्ग चौथीपर्यंत न्यायचा आणि मग सोडायचा, असं त्यांनी नोकरीभर केलं. हा शेवटचा. मे महिन्यात हा वर्ग पाचवीला जाणार आणि थेटेबाई निवृत्त होणार.

"शुक्रवार," अहिरे मागून म्हणाले.

*

गुरुवारी शाळा सुटल्यावर त्यांनी जुलैचा गठ्ठा सोडला. वर्ग रिकामा होता. पलीकडच्या कारखान्याची पाळी सुटली होती, मोटरसायकलींचा लोंढा रस्त्यानं चालला होता.

पहिला पेपर त्यांनी समोर घेतला. तीन गणितं बरोबर, दोन चूक. तिसऱ्या बरोबर खुणेवर त्यांनी फुली मारली. काही झालं नाही. कुणी रडलं नाही, कुणी बघितलं नाही. इतकं सोपं आहे तर, असं त्यांच्या मनात आलं आणि स्वतःचाच राग आला. दुसरा पेपर घेतला. त्यावरचं अक्षर कावेरीचं होतं. पेठ तालुक्यातून आलेल्या बिगाऱ्यांची पोरगी. पहिलीत आली तेव्हा बाईंचं बोलणं तिला अर्धंच कळायचं आणि तिचं बाईंना तेवढंही नाही. पेपरात तिनं वजाबाकी करून शेजारी बेरीज करून ताळा पाहिला होता. ताळा करायला त्या पोरीला दोन वर्षं लागली होती.

थेटेबाईंनी पेनाला टोपण लावलं.

आपण शिकवतो ते चांगलं की वाईट, हे त्यांना खात्रीनं सांगता आलं नसतं. वर्गातली काही पोरं अजून अडखळत वाचत होती. दोघं तर नावापुढं काही लिहीत नव्हती. लाल खांब खोटा आहे असं छातीठोक म्हणायला त्यांच्याजवळ काहीच नव्हतं. हिरवे खांब खोटे आहेत, एवढंच त्यांना माहीत होतं.

शुक्रवारी सकाळी त्यांनी वल्लरीला व्हरांड्यात गाठलं आणि सगळं सांगितलं. नावं घेतली नाहीत, पण रीत सांगितली. फुल्या, गठ्ठे, कपाट, सगळं.

वल्लरीनं मध्येच थांबवलं नाही. ऐकून झाल्यावर म्हणाली, "बाई, हे आम्हाला माहितीय."

"माहितीय?"

"बेसलाइन, म्हणजे पायाभूत चाचणी, दाबली जाते हे कुठल्याही अभ्यासात गृहीतच धरतात. सगळीकडे साधारण सारखीच दाबली जाते, त्यामुळे तुलना करताना फरक पडत नाही."

"आणि माझी?"

"तुमची तुलनेत बसत नाही." तिनं हे कठोरपणे म्हटलं नाही, माहिती म्हणून सांगितलं. "अशी एखादी नोंद निघते. आम्ही ती तशीच ठेवतो. एकीसाठी नियम बदलला तर सगळ्यांसाठी बदलावा लागेल."

"म्हणजे चूक माझी."

"मी चूक म्हटलेलं नाही. दुरुस्ती द्यायची असेल तर आज पाचपर्यंत द्या. मला अडचण नाही."

"खोटी दुरुस्ती?"

"मुख्याध्यापकांची सही असली की आमच्यासाठी ती दुरुस्ती असते, बाई."

थेटेबाईंनी तिच्याकडे बघितलं. त्यांच्या मोठ्या मुलीच्याच वयाची. गळ्यात संस्थेचं ओळखपत्र, पायांत स्वच्छ बूट. भांडायला समोर माणूस असावं लागतं आणि इथं ते नव्हतं.

"शाळेत असताना तुमच्या पेपरातही एखादं गणित बरोबर असेल आणि कुणी फुली मारली असेल," त्या म्हणाल्या, "तेव्हा कुणाला सांगायला गेला होतात तुम्ही?"

वल्लरीला हे नीट कळलं नाही. तिनं पुढच्या वर्गात पाहणीला जायची वेळ झाल्याचं सांगितलं आणि निघून गेली.

दुपारच्या चहाला स्टाफरूममध्ये थेटेबाईंचा कप कुणी भरला नाही. किटली फिरली आणि त्यांच्यापाशी येऊन पुढं गेली.

"सांगितलं म्हणे सगळं," तेजल खिडकीकडे बघत म्हणाली.

"हो."

"मग? फाशी झाली का आम्हाला?" तेजल वळली. "आमच्या पोस्टा टिकतात कशावर? या हिरव्या खांबांवर. पटसंख्या उतरत चाललीय, समोर इंग्रजी शाळा उभी राहिलीय. तुम्ही मे महिन्यात पेन्शन घेऊन मखमलाबादला भाजीच्या मळ्यात बसाल. आम्हाला अजून वीस वर्षं काढायचीत. तुमचा ताठा आम्ही का पोसायचा?"

"मी तुमचं नाव घेतलं नाही."

"उपकार झाले."

देवव्रत मोबाइलवर काहीतरी बघत होता. मान वर न करता म्हणाला, "बाई, चौथीचं सामान कुठं ठेवलंय तेवढं सांगून ठेवा. कपाटाची किल्ली वगैरे."

थेटेबाईंनी पर्समधून किल्ली काढली आणि टेबलावर त्याच्यासमोर ठेवली. पाच वाजता अहिरेंच्या खोलीत जाऊन त्या म्हणाल्या, "तुम्हाला मार्क खाली आणायचे असतील तर तुम्ही आणा. तुमच्या हातानं."

"मी कशाला आणू?" अहिरे म्हणाले. "वर्ग तुमचा गेला, माझा नाही."

*

पालकसभेत अहिरेंनी बदलाचं कारण सांगितलं. पुण्याच्या संस्थेच्या अभ्यासात या वर्गाची प्रगती शून्याखाली आली, म्हणून शाळेनं तातडीनं पावलं उचलली, असं ते म्हणाले. सभा संपल्यावर कावेरीची आई नवसाबाई गेटजवळ थांबली. कामावरून तशीच आली होती, केसांत सिमेंटची धूळ.

"बाई, चार वरीस झालं पोरगी तुमच्यापाशी हाय," ती म्हणाली. "म्या कधी काय इचारलं नाय. बाई हाय म्हनलं, शिकवत आसल."

"शिकवलं मी, नवसाबाई. तिला येतं सगळं. तिला समोर बसवून विचारा."

"म्या काय इचारनार? मला काय कळतंय त्यातलं?" नवसाबाईचा आवाज चढला. "म्हनून तर शाळंत घातली ना. त्या पुन्याच्या बाईनं मोजून सांगितलं, पोरं मागं गेली म्हनून. ती काय खोटं बोलतीय? तिला काय देनंघेनं हाय आमच्याशी?"

"नाही. तिला काही देणंघेणं नाही."

"मग?" नवसाबाईनं पदर झटकला. "लय इस्वास ठेवला व्हता," म्हणाली आणि गेली.

*

शिक्षक बदलला की मोजणी नव्यानं सुरू होते. त्यामुळे डिसेंबरात देवव्रतनं चौथीची पुन्हा पायाभूत चाचणी घेतली आणि रीतीप्रमाणे तपासली. एकच गोष्ट रीत सोडून झाली. थेटेबाईंच्या हाताखालच्या पोरांना आपला पेपर बघायची सवय होती. ती दोन दिवस "सर, पेपर, सर, पेपर" करत त्याच्या मागं लागली आणि कंटाळून त्यानं गठ्ठा वाटून टाकला. चुका सुधारा, मग पेपर परत घेईन, असं सांगून तो फोनवर बोलायला बाहेर गेला.

थेटेबाई दुसरीच्या पोरांना पाणी प्यायला घेऊन चालल्या होत्या. चौथीच्या दारात, पायरीवर कावेरी मांडीवर पाटी आणि पाटीवर पेपर घेऊन बसली होती. थेटेबाईंनी वाकून बघितलं. चारशे दोन वजा एकशे अठ्ठ्याहत्तर. खाली दोनशे चोवीस. शेजारी ताळा. सगळ्यावरून लाल शाईची फुली.

"हे बरोबर आहे," थेटेबाई म्हणाल्या.

कावेरीनं वर बघितलं. चार वर्षं ती याच चेहऱ्याकडे बघत आली होती.

"सरांनी चूक दिलंय."

"दिलं असेल. पण बरोबर आहे. तू ताळा केलायस ना? जमला ना ताळा?"

"जमला."

"मग झालं तर."

पोरीनं पेपराकडे बघितलं, मग बाईंकडे, मग पुन्हा पेपराकडे. ती चिडलेली नव्हती. विचार करत होती, नीट, बाईंनीच शिकवला तसा, एकेक पायरी करून.

"आई म्हणते, तुम्हाला शिकवता येत नव्हतं म्हणून वर्ग काढला," ती म्हणाली. "मग ताळापण चुकीचाच शिकवला असंल."

दुसरीची पोरं नळाशी ढकलाढकली करू लागली होती. कुणीतरी बाईंना हाका मारत होतं.

कावेरीनं खोडरबर घेतला. आधी ताळा खोडला, मग उत्तरातले चार, मग दोन, मग दोन. कागद फाटू नये म्हणून डाव्या हातानं तो घट्ट दाबून धरला होता. खोडून झाल्यावर तिनं चुरा फुंकला, पेन्सिल उचलली आणि रिकाम्या जागेवर आता काय लिहायचं याचा विचार करत बसली.