महिन्याचं एक पत्र

भिंगकाकांचं चष्म्याचं दुकान सव्वीस वर्षांचं, आणि जागेच्या मालकाशी भांडण अडीच वर्षांचं. दुकान खाली, मालक वर. त्याआधी दोघं एकच वर्तमानपत्र वाटून वाचत. मग काकांनी वकील लावला.

वकील म्हणजे समोर बसणारा माणूस नव्हे. एका कंपनीची स्वस्तातली मासिक वर्गणी, फोनवर हवा तितका सल्ला आणि महिन्याला एक वकिली पत्र. पहिल्या पत्राने कमाल केली, खोटं कशाला बोला? टवके उडालेली भिंगं परत घ्यायला सहा महिने टाळाटाळ करणारा घाऊक व्यापारी चौथ्या दिवशी दारात हजर झाला. काकांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

तिथेच घात झाला. महिन्याचं पत्र वापरलं नाही तर ते बुडायचं, आणि पैसे भरलेली वस्तू वाया गेली की काकांचा जीव हळहळायचा. महिनाअखेर आली की ते गिऱ्हाईक शोधू लागत. एक पत्र इस्त्रीवाल्याला गेलं, एक साडूला. साडूने बोलणं टाकलं. मग उरला मालक. नळ गळतो, पत्र. जिन्यातला दिवा गेला, पत्र. मालक सकाळी मोठ्याने खोकतात, शांततेचा भंग म्हणून तेही पत्र.

"अहो, वर जाऊन नुसतं सांगितलं तर नळ दुरुस्त होणार नाही का?" काकू विचारत.

"आणि महिन्याचं पत्र वाया घालवू?"

एके दिवशी मालकच खाली आले. "काय हो, ही पत्रं लिहितं तरी कोण? वाचताना मलाच माझा राग येतो!"

काका खूश. नवा सभासद आणला तर दोन महिने मोफत, अशी योजना होती. त्यांनी मालकांना स्टुलावर बसवलं आणि मालकांच्याच फोनवर फॉर्म उघडला. मालकांना ते बारीक अक्षर दिसेना. जन्मभर लोकांना बारीक अक्षर दाखवणाऱ्या काकांनी मग सगळं स्वतःच भरलं. मालकीची जागा कोणती, भाडेकरू कोण, करार कधी संपतो, अगदी तारखेनिशी.

महिनाअखेरीला पाकीट आलं. वर तेच निळं चिन्ह, आत तेच 'आमच्या अशिलाच्या सूचनेवरून'. करार संपत आहे, नवा होणार नाही, महिन्याभरात जागा रिकामी करावी. सोबत काकांची सत्तावीस पत्रं जोडलेली, भाडेकरू जागेवर नाखूश असल्याचा पुरावा म्हणून.

 काकांनी कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलली.

"दोघंही आमचे सभासद आहात ना, सर. मग या प्रकरणात आम्हाला तुमची बाजू घेता येत नाही."

"अहो, मग त्यांची कशी घेतलीत?"

"त्यांनी आधी विचारलं, सर. अजून काही मदत करू?"

काकूंनी फोन काढून घेतला आणि जिन्याकडे बोट दाखवलं. अडीच वर्षांनी काका पहिल्यांदा वर चढले. जिन्यातला दिवा लागलेला होता. मालक चष्मा पुसत बसले होते, काकांनीच बनवलेला.

"तुम्हाला खरंच मला काढायचंय?" काकांनी विचारलं.

"छे हो! माझ्या डोक्यातसुद्धा नव्हतं. पण महिना संपत आला, पत्र फुकट जाणार होतं. त्या मुलीला म्हटलं, काहीतरी लिहा. तिने फॉर्म बघितला आणि म्हणाली, करार संपतोय, हेच लिहू."

काकांच्या जिवात जीव आला. "मग घ्या ना मागे!"

मालकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "घेणारच होतो. पण तुमची सत्तावीसच्या सत्तावीस पत्रं एका बैठकीत वाचली. आणि तुम्ही इथे सुखी नाही, हे मला पटलं हो."

काका खाली आले. भिंतीवरचा डोळे तपासायचा तक्ता त्यांना धूसर दिसत होता. खिशात फोन वाजला, कंपनीचा संदेश होता. तुम्ही आणलेल्या सभासदाने पहिलं पत्र वापरलं, अभिनंदन.

"काय म्हणतात?" काकूंनी विचारलं.

"दोन महिने मिळाले."

"दुकानाला?"

"वकिलाचे," काका म्हणाले. "दुकानाला एकच."