दोन दुकानांचा भुशा

मी भुशा बोलतोय. सुतारांच्या दोन दुकानांबाहेर, दोन दारांच्या मधोमध पडलेला तांबडा कुत्रा. गेली सात वर्षं दोन माणसं एकमेकांशी बोलायचं सोडून माझ्याशी बोलत आली आहेत. मी मुकाट्याने ऐकून घेतलं. आज थोडं माझंही कोणी ऐकावं.

माझा जन्म इथल्याच भुशाच्या ढिगात झाला, म्हणून हे नाव. आई फार दिवस राहिली नाही. तेव्हा दुकान एकच होतं आणि दोघे भाऊ त्यात काम करायचे. थोरला मापं घ्यायचा, कापायचा. धाकटा रंधा मारायचा, सांधे बसवायचा. थोरल्याने मला बाटलीने दूध पाजलं. पंजात रुतलेलं लाकडाचं कुसळ धाकट्याने चिमट्याने काढलं, माझ्यापेक्षा जास्त कळवळत. मग यांतल्या कोणाचा मी?

भांडण एका दारावरून झालं. गिऱ्हाइकाच्या घरी बसवायला नेलं आणि ते चार बोटं आखूड भरलं. थोरला म्हणाला, "माप बरोबर होतं. तूच रंधा मारमारून खाल्लंस."

"दादा, चार बोटं लाकूड रंध्याने जातं होय? चुकलं म्हण ना एकदा."

धाकटा हे गिऱ्हाइकासमोर म्हणाला, ते दादाच्या मनाला लागलं. महिन्याभरात दुकानाच्या मधोमध फळ्यांची भिंत आली. ती मात्र दोघांनी मिळून उभी केली. एकाने फळी धरली, दुसऱ्याने खिळे ठोकले, आणि दिवसभरात कोणी चकार शब्द काढला नाही. इतकं सरळ काम त्यांच्या हातून पूर्वी कधी झालं नव्हतं.

हत्यारं वाटली, लाकूड वाटलं. उरलो मी. "ज्याच्याकडे जाईल त्याचा," असं थोरल्याच्या बायकोने सुचवलं. दोघे आपापल्या दारात उभे राहिले आणि त्यांनी एकदमच हाक मारली. मी थोरल्याकडे चार पावलं गेलो, वळून धाकट्याचं तोंड पाहिलं, परत फिरलो आणि शेवटी मध्येच बसकण मारली. दोघांचेही चेहरे पडले. त्या दिवसापासून मी थोरल्याच्या लेखी फितूर आणि धाकट्याच्या लेखी अस्तनीतला निखारा.

धाकट्याची मुलगी दुकानात बसून अभ्यास करायची. एकदा तिला वाक्प्रचारांचे अर्थ लिहायचे होते. तिने मोठ्याने वाचलं, "दोन्ही डगरींवर हात ठेवणे, म्हणजे दोन्ही बाजूंना खूश ठेवणे. वाक्य: आमचा भुशा दोन्ही डगरींवर हात ठेवतो." बाप हसला. फळीपलीकडे थोरलाही हसल्याचं मी ऐकलं. मला हात नाहीत, पण ते जाऊ द्या. पुढे सरड्यासारखा रंग बदलणे आलं. तिथेही वाक्यात मीच. सरड्याचं मला ठाऊक नाही, पण मी जन्मापासून तांबडाच आहे. दोघांवर सारखाच जीव असणाऱ्यासाठी माणसांच्या वहीत एखादा बरा शब्द असतो का, एवढंच मला तिला विचारायचं होतं.

खाण्याचेही हालच झाले. थोरल्याला वाटायचं, हा तिकडे जेवला असेल. धाकट्यालाही तेच वाटायचं. कित्येक दुपारी दोन्ही डब्यांचा वास घेत मी उपाशी पडून राहिलो.

आणि तरी दोघे माझ्याशीच बोलायचे, पलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

"भुशा, त्याला सांग, आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे मी नेतोय उद्या."

"भुशा, जुना चष्मा बरोबर घ्या म्हणावं. मागच्या वेळी विसरले होते."

"भुशा, पलीकडे काहींचा खोकला पंधरा दिवस झाले जात नाही. औषध घ्यायला काय होतं?"

मी नुसता कान हलवायचो. तेवढ्यावर दोन घरांचं भागत होतं. माझं मात्र भागत नव्हतं. एकाने डोक्यावर हात ठेवला की दुसऱ्या दारातून कोणीतरी बघायचं, आणि ठेवलेला हात निघून जायचा. दोन धनी असून मला कोणी कुरवाळत नव्हतं. फार एकटं वाटायचं.

आता मी चौदा वर्षांचा झालो. मागचे पाय उचलत नाहीत. तीन दिवसांपासून पाणीही घशाखाली उतरत नाही, आणि हे दोघांनाही दिसतंय. काल थोरला म्हणाला, "भुशा, डॉक्टरकडे ने म्हणावं त्याला." पलीकडून धाकटा म्हणाला, "भुशा, मोठे आहेत ना, त्यांनी न्यावं." मग दोन्हीकडे रंधे सुरू झाले. थोड्या वेळाने दोन्ही थांबले. दोघे आपापल्या दारात येऊन माझ्याकडे बघत उभे राहिले. माझा त्यांच्यावर राग नाही. मला भीती वाटते ती वेगळीच. मी गेल्यावर हे कोणाशी बोलतील?

डॉक्टर आता नकोच, आजची रात्र मी काढेन असं वाटत नाही. मी अंगाने थोराड कुत्रा आहे. थोरल्याची कंबर धरलेली असते, आणि करवत ओढून ओढून धाकट्याचा खांदा आखडलाय. मला एकट्याने उचलणं दोघांपैकी कोणालाच जमायचं नाही. उद्या सकाळी जो आधी दुकान उघडेल, त्याला भुशाला सांगून चालणार नाही. त्याला पलीकडच्या दारात जाऊन भावालाच हाक मारावी लागेल. ती हाक मला ऐकू येणार नाही. पण त्याने ती मारावी, एवढंच माझं मागणं आहे.